मानेवरचा मळ

साताऱ्यात माझ्या घराच्या कोपऱ्यावर एक पार्लर आहे. भुवया करायला गेले की तिथली मुलगी माझी हनुवटी बोटाने वर उचलते, दिव्याकडे वळवते आणि दर वेळी तेच विचारते, "मॅडम, हे खड्डे घालवून देऊ का? आता मशीन आलंय." मी नको म्हणते. तिला वाटतं मी चिकट आहे. चिकट मी आहेच, पण कारण ते नाही. गालांवरच्या या खुणांचे आमच्या घरावर उपकार आहेत. ज्याने आपलं भलं केलं त्याला कुणी मशीन लावून हाकलत नाही.

माझ्या आईचे डोळे माझ्या पुटकुळ्यांनी वाचवले. असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघतो, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव विट्याजवळ. वडील गलाईवाले, म्हणजे जुने दागिने आणि सोनारांची मोड वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करणारे. आमच्याकडच्या निम्म्या बापांप्रमाणे तेही लांब, तमिळ मुलखातल्या एका शहरात दुकान घालून बसलेले. यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचे. एरवी घरात मी आणि आई. आई ब्लाउज शिवायची. पंचक्रोशीत तिच्या हाताला नाव होतं. बाह्यांना कधी चुणी पडायची नाही आणि हुक असे बसायचे की धुऊन धुऊन कापड विरलं तरी हुक जागेवर. वडील पैसे पाठवायचे, पण आईला विचारलं तर ती म्हणायची, "ह्या मशिनीवर माझी मान ताठ हाय." तिचं ते मशीन तिला माझ्याइतकंच प्यारं होतं. कधीकधी जरा जास्तच, असा माझा संशय आहे.

मी अकरावीला गेले आणि तोंडावर पुटकुळ्या उठल्या. एकदोन असत्या तर वयाच्या म्हणून सोडून दिल्या असत्या. कपाळ, गाल, हनुवटी, पाठ, काही सोडलं नाही. काही पिकायच्या, काही नुसत्या आतल्या आत ठसठसायच्या. पाळी महिनोन् महिने दडी मारायची, पण तिचा तोंडाशी काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. स्कूटीवरच्या मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, तसा मी बांधायला लागले. फरक एवढाच की माझ्याकडे स्कूटी नव्हती आणि मी तो वर्गातही सोडत नसे.

गावाने निदान केलं. उष्णता! आमच्याकडे पायाला भेगा पडल्या तरी उष्णता, परीक्षेत नापास झालं तरी उष्णता. शेजारच्या काकू माझं तोंड बघून आईला म्हणाल्या, "लय हीट हाय गं पोरीच्या अंगात. आधी हिची बाजरी बंद कर." झालं. बाजरीची भाकरी उष्ण म्हणून बंद. शेंगदाण्याची चटणी बंद. हुलग्याचं माडगं, जे मला जीव की प्राण, तेही उष्ण म्हणून बंद. अंडं तर उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्याच्या जागी थंड पदार्थांची रांग लागली. सकाळी उपाशीपोटी गुलकंद, मग खडीसाखरेचं पाणी, दुपारी सब्जा घातलेलं गोड दूध, संध्याकाळी मोरावळा. जेवायला पांढराशुभ्र भात. माळरानावरची माणसं पिढ्यान् पिढ्या जे खाऊन मेंढरांमागं चालली, ते सगळं माझ्या ताटातून उठलं आणि त्या जागी साखर येऊन बसली.

साखरेला आमच्याकडे तोटा नव्हता. आईचं माहेर वाळव्याकडे, कृष्णेच्या काठाला. मामाचा ऊस, मामा साखर कारखान्याचा सभासद. सभासदांना दिवाळीला सवलतीची साखर मिळते. मामा त्यातलं एक पोतं मोटारसायकलवर आडवं टाकून आक्काकडे, म्हणजे माझ्या आईकडे, घेऊन यायचा. आमचा भाग कोरडा. नदीकाठच्या बहिणीला दुष्काळी गावात दिलं याची टोचणी त्या घराला होती, आणि ती टोचणी दर वर्षी पोत्यात भरून आमच्याकडे यायची. आई ते पोतं माजघरात अशा जागी ठेवायची की आलेल्या बाईला दिसलंच पाहिजे. चहा असा व्हायचा की चमचा उभा राहावा. फिका चहा म्हणजे माहेर फिकं.

एवढं गार खाऊनही माझं तोंड काही गार होईना. उलट मी सुटले, दुपारी गुंगी यायला लागली आणि मान काळी पडली. मागून, केसांखालून, एक काळपट पट्टा. हात लावला तर मऊ, जरा जाडसर. आईला वाटलं मळ. दर रविवारी ती मला मोरीत बसवायची आणि टाचा घासायची वजरी घेऊन माझ्या मानेवर तुटून पडायची. "कॉलेजात जातीस न्हवं? मान बघ की जरा! लोकं म्हणत्याल, आईला पोरगी धुता येत न्हाई." मी ओरडायची, कातडी लाल व्हायची, आणि दोन दिवसांनी पट्टा होता तिथे.

गंमत म्हणजे तसलाच पट्टा आईच्या मानेवरही होता. तिच्या मानेला तर बारीक बारीक चामखिळीही आल्या होत्या. पण अंबाडा आणि पदर यांच्यामध्ये कोण बघतं? मी एकदा रागाने म्हणाले, "तुझी घास की आधी!" तर म्हणाली, "माझं मंगळसूत्राचं हाय. सोन्यानं काळी पडली."

हे वाक्य तिने यात्रेला आलेल्या वडिलांच्या समोर बोलायला नको होतं. गलाईवाल्याच्या बायकोची मान सोन्याने काळी पडते म्हणजे काय! वडील जेवता जेवता उठले. म्हणाले, "माझ्या घरात हिणकस सोनं? काढ ते." आईच्या गळ्यात काळी पोत बांधली आणि मंगळसूत्र खिशात घालून ते दुकानाला गेले. तिथे त्यांनी ते वितळवलं, तेजाबात घातलं, तांब्याचा अंश म्हणून शिल्लक ठेवला नाही, आणि पुन्हा घडवून दिवाळीला आणलं. सोनं इतकं चोख झालं होतं की बोटाने दाबलं तर वाकावं. आईने ते जपून जपून घातलं. मान तशीच काळी. पुढच्या यात्रेला वडिलांनी तिची मान उजेडात नीट निरखली आणि हात झटकले. "आता सोन्याचा दोष न्हाई. आता दोष असंल तर तुझ्या मानंचा." घरात हशा झाला. मीही हसले. माझं सगळं लक्ष माझ्या तोंडावर होतं, म्हणून पुढचं प्रकरण तेव्हा मला याच्याशी जुळवता आलं नाही.

पुढचं प्रकरण म्हणजे आईचे डोळे. ती मला हाक मारायला लागली, "बाय, एवढा दोरा ओवून दे गं." आधी क्वचित, मग रोज. मी कॉलेजला जाण्याआधी सुयांमध्ये दोरे ओवून उशीत टोचून ठेवायची, लाल, हिरवा, काळा, म्हणजे दिवसभर तिचं अडायला नको. एका ब्लाउजला तिने अस्तर उलटं लावलं आणि गिऱ्हाइकाच्या समोरच सगळं उसवत बसली. भातात खडे लागायला लागले. वडिलांच्या दाढेखाली एक असा आला की जेवण तिथेच थांबलं. आई तांदूळ निवडायची, पण खडा तिच्या बोटाखालून निसटायचा. "चष्म्याचा लंबर वाढला असंल," ती म्हणायची. "वय झालं न्हवं आता." रात्री मशिनीवर तोंड खाली घालून बसलेली मला दिसायची, कापडाला नाक टेकेल इतकी. हे मशीन बंद पडलं तर आईचं काय उरेल, हा विचार यायचा आणि मी तो लगेच झटकायची. मला त्याची भीती वाटायची.

मिरजेला मात्र आम्ही गेलो ते माझ्यासाठी. मी औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली एक ट्यूब आणून लावली आणि तोंड भाजल्यासारखं झालं. मग आई म्हणाली, "चल मिरजंला. मिरजंत बरं न्हाई झालं तर मग देवाच्या हातात." आमच्या भागात मिरजेवर असा विश्वास आहे. एसटीने तासगाव, सांगली करत आम्ही पोचलो. मी स्कार्फमध्ये, आई नव्या लुगड्यात, पिशवीत डॉक्टरीणबाईंना द्यायला गुलकंदाची बरणी.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या. मी जिवावर उदार होऊन स्कार्फ सोडला, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बेतानेच बघितलं आणि म्हणाल्या, "मागे वळ."

मी वळले. त्यांनी वेणी बाजूला केली.

आई लगेच माफी मागायला लागली. "आवं, दर रविवारी घासती मी. वजरीनं घासती. पण मळ निघतच न्हाई बगा."

"हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "घासू नका हो तिला. हे आतून आलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि इतकं साधं सांगितलं की मला आजही तसंच्या तसं आठवतं. आपण गोडधोड खाल्लं की रक्तात साखर वाढते. ती साखर पेशींच्या घरात नेऊन पोचवायचं काम इन्सुलिन करतं. पण सतत साखर येत राहिली, हालचाल कमी झाली, किंवा घराण्यातच तशी ठेवण असली, की पेशी दार उघडायला कुरकुर करतात. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन भलतीकडेच उद्योग करतं. त्वचेतलं तेल वाढवतं, पाळीचं गणित बिघडवतं, मान काळी करतं. "सगळ्यांच्याच पुटकुळ्या अशाने येत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हिची मान, वजन आणि पाळी एकत्र बघितली की मला तपासायलाच हवं. काय काय खाते ही?"

आईने अभिमानाने सगळी यादी सांगितली. गुलकंद, खडीसाखर, सब्जा, मोरावळा. बाजरी बंद केल्याचंही सांगितलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांच्या जागी असते तर ओरडले असते. त्या नुसत्या म्हणाल्या, "जे बंद केलंत ते सुरू करा, आणि जे सुरू केलंत ते बंद करा." गुलकंदाची बरणी आईने पिशवीत आणखी खाली ढकलली.

आम्ही उठलो. आई वाकून पिशवी उचलायला लागली, पदर सरकला, आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा. तुम्हीपण वळा."

"मला काय झालंय? माझं मंगळसूत्राचं हाय."

मला राहवलं नाही. मी मंगळसूत्र वितळवल्याची सगळी हकीकत सांगून टाकली. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या आणि आईला विचारलं, "तहान फार लागते? रात्री उठावं लागतं? डोळ्यांना कसं दिसतं?"

"चांगलं दिसतंय की," आई म्हणाली.

"सुईत दोरा मी ओवून देते," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चोरी चव्हाट्यावर आणली. पण बाईंनी चिठ्ठीवर माझ्या तपासण्यांच्या खाली आईच्याही तपासण्या लिहिल्या होत्या. माझी साखर सीमेच्या अलीकडे होती. आईची कधीच सीमा ओलांडून पुढे गेलेली. त्याच आठवड्यात आम्ही मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आईच्या डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा बघितला. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या. "सुरुवात आहे," ते म्हणाले. "वेळेत आलात. साखर आटोक्यात आली नाही तर मात्र नजरेचा भरवसा नाही. कुणी पाठवलं तुम्हाला?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या पुटकुळ्यांनी."

घरी येऊन वडिलांना फोन केला. ते आधी म्हणाले, "मंजी माझं सोनं चोखच व्हतं की!" मग म्हणाले, "पोरी, आईकडं ध्यान दे."

मी ध्यान दिलं. जरा जास्तच दिलं, असं आई म्हणेल. बाजरी परत आली, हुलगा परत आला, मोडाची मटकी आली, चहा बिनसाखरेचा झाला. पहाटे आम्ही दोघी खिंडीपर्यंत चालून यायचो. मी तोंडाला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं जेल लावायची, आई गोळ्या घ्यायची. पाळी हळूहळू ताळ्यावर आली, पुटकुळ्या कमी झाल्या. एक दिवस मी स्कार्फ घरी विसरून कॉलेजला गेले आणि ते मला थेट गेटपाशी कळलं. पण आईचं घोडं अडलेलंच होतं. माझ्यासाठी ती जग इकडचं तिकडे करेल. स्वतःसाठी मात्र माजघरातलं पोतं तिला सुटेना. कुणी आलं की गोड चहा, आणि आलेल्याला सोबत म्हणून स्वतःलाही. तपासणीचा कागद आला की मी तो वाचायची आणि आई भिंतीकडे बघायची.

दिवाळी आली, तसा मामा आला. मोटारसायकलवर आडवं पोतं. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"मामा, साखर आत न्यायची न्हाई. आईचं डोळं जात्याल."

आई मागून धावत आली. "आरं, पोरगी खुळी हाय, तू आत ये." पण मामाने ऐकलं होतं. त्याचं तोंड उतरलं. "माहेरची साखर नको व्हय आक्का? मग माहेर तरी कशाला पायजे?" त्याने किक मारली आणि पोत्यासकट निघून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. आई दिवाळीभर रडली. माझ्याशी भाऊबीज सरेपर्यंत बोलली नाही. मला मात्र तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही की मी चुकले. त्या घरात कुणीतरी वाईट व्हायला हवंच होतं.

पण एक झालं. माजघरातली ती जागा मोकळी राहिली. आईने ती भरली नाही. आलेल्या बाईला बिनसाखरेचा चहा देऊन ती सरळ सांगायला लागली, "साखर न्हाई घरात." संक्रांतीला मामा आला नाही. त्याचा फोन नाही. आई मशिनीवर बसायची, मान खाली, आणि मधूनच विचारायची, "मोटारसायकल वाजली काय गं?"

मामा पाडव्याला आला. गुढी उभी राहिली होती. मोटारसायकल दारात थांबली, तिच्यावर आडवं पोतं. आईचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मी पुन्हा उंबऱ्याकडे निघाले, तसा मामा म्हणाला, "थांब गं फौजदारीण. आधी फोड, मग बोल."

पोतं साखरेचं नव्हतं. शाळू होता, ज्वारी. दिवाळीनंतर घरापुढच्या तुकड्यातला ऊस तुटून गेला, तेव्हा मामाने त्याचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर फुटणारा पुढचा ऊस, ठेवला नाही. नांगर घातला आणि शाळू पेरला. कृष्णेच्या काठाला, जिथे ऊस नाही त्याला लोक शेतकरी म्हणत नाहीत, तिथे. "गाव हसलं मला," तो म्हणाला. "म्हणलं, हसू द्या. पेरा उशिराचा झाला, कणसं काय लय भरली न्हाईत. पर आक्काला वरीसभर पुरंल." एवढं बोलून तो तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, दिवाळीचं राहिलेलंही बहुतेक त्यातच.

आईने पोत्याच्या तोंडाची सुतळी उसवली, सूप आणलं, दारात उजेडाला बसली आणि शाळू पाखडायला लागली. मी मामासाठी चहा ठेवला. मामा उंबऱ्यावर बसून बहिणीच्या हाताकडे बघत होता. दाणे सुपात वर उडत होते, खाली पडत होते. एकदम आईचा हात थांबला. तिने सुपाच्या कडेतून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि मामापुढे धरलं. दाण्याएवढाच, दाण्याच्याच रंगाचा.

"खडा हाय रं तुझ्या शाळूत," ती म्हणाली.

मामाने तो तळहातावर घेतला. त्याला तो नीट दिसेना, कारण त्याचे डोळे भरून आले होते.

"दिसला व्हय तुला?"

"दिसला की," आई म्हणाली, आणि पुढचं सूप भरून घेतलं.